एक वाजून चोवीस मिनिटे

७ फेब्रुवारी १९९४, सोमवार

मी, आश्रुबा सटवाजी गिराम, वय वर्षे सहासष्ट, राहणार मौजे पेडगाव, तालुका परभणी, व्यवसाय वेळपाल, शिक्षण निजामाच्या अमदानीतील उर्दू शाळेतून इयत्ता चौथी उत्तीर्ण, मराठी लेखन स्वप्रयत्नाने अवगत, सदर रोजनिशी आजपासून स्वहस्ते लिहीत आहे.

सकाळच्या एस.टी.ने मानवतला उतरलो. जिनिंग कारखान्याच्या आवारात कापसाच्या गंजी घराएवढ्या उभ्या होत्या आणि कोवळ्या उन्हात त्यांच्याकडे पाहून मन प्रसन्न झाले. व्यवस्थापक दिनकरराव यांनी उठून खुर्ची दिली. परभणीच्या कचेरीत मी एकतीस वर्षे तासाचे ठोके दिले, हे त्यांनी ऐकले होते. माझ्या ठोक्यावरून लोक आपली घड्याळे लावीत. मी कोणाच्या घड्याळावरून ठोका दिला नाही.

येथील भोंगा मनुष्य वाजवीत नाही, संगणक वाजवितो. त्यात वेळा भरून ठेवल्या आहेत; वेळ आली की तारेतून भोंग्यास आज्ञा जाते. दुपारचे दोन भोंगे सर्वांत महत्त्वाचे. एक वाजता जिन, म्हणजे कापसातून सरकी काढणारी यंत्रे, थांबतात. जिनांच्या रांगेखाली मनुष्य ओणवा होऊन चालेल एवढा चर आहे आणि त्यातून पट्टे फिरतात. सुट्टीत चार बायका त्या चरात उतरून सांडलेली सरकी झाडून काढतात. एक पंचवीसला पहिला भोंगा होतो, तो त्यांनी वर येण्याचा. एक तीसला दुसरा होतो, तो ऐकताच फिटर बन्सीधर मोटारीचा खटका ओढतो. खटक्यापासून चर दिसत नाही. म्हणजे चार जिवांचा भरवसा पहिल्या भोंग्यावर, भोंग्याचा घड्याळावर, आणि घड्याळाचा आजपासून माझ्यावर.

झाडणाऱ्यांपैकी कासाबाई नावाची विशीची मुलगी खिडकीतून डोकावून म्हणाली, "आबा, या कंपूटरला चावी कुठून देतेत?" मी उत्तर दिले की, चावी नसते, लक्ष असावे लागते. त्यावर ती म्हणाली, "मंग आमच्या सायबापरीस बराच म्हणा की." बायका हसल्या. मीही नाराज झालो नाही.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

संगणकाचे घड्याळ का चुकते, हे अभियंता रंगनाथ यांनी आज समजावून दिले. विद्यापीठाच्या नामांतरानंतर गाड्यांचा भरवसा नसल्याने ते औरंगाबादहून दोन दिवस उशिरा पोचले.

यंत्राच्या पोटात एक लहानसा स्फटिक आहे. विजेने तो थरथरतो आणि ती थरथर मोजून यंत्र सेकंद ठरविते. परंतु कोणताही स्फटिक घडणीतच किंचित जलद अथवा मंद निघतो. उष्णतेने त्याची चाल आणखी बदलते. रात्री यंत्र बंद असता नाण्याएवढ्या बॅटरीवर दुसरे एक घड्याळ आत चालत राहते. बॅटरी क्षीण झाली की तेही रेंगाळते. शिवाय यंत्र मोठ्या कामात गुंतले की काही ठोके मोजायचे राहून जातात. मी म्हणालो की, हे तर मनुष्याप्रमाणेच झाले. ते हसले.

उपाय त्यांनी असे सांगितले. यंत्र उन्हाच्या खिडकीपासून दूर ठेवावे. बॅटरी नवी घालावी. रोज एकाच वेळी, सकाळी आठच्या बातम्यांपूर्वी आकाशवाणीवर जे ठोके पडतात त्यांच्याशी मेळ घालून किती सेकंदांचे अंतर पडले ते लिहावे. आठवडाभरात त्याची सवय कळते, मग थोडे थोडे सावरावे. घड्याळ चुकते हा दोष नव्हे, किती चुकते ते ठाऊक नसणे हा दोष, असे ते म्हणाले. हे वाक्य मला आवडले.

दोन गोष्टी मात्र त्यांनी निक्षून वर्ज्य सांगितल्या. दुपारी एक ते दीड घड्याळास हात लावायचा नाही. ते पंचविसाच्या अलीकडून उचलून तिसावर ठेवले, तर मधला भोंगा होतच नाही, यंत्र एकदम दुसरा देते. आणि घड्याळ कधीही मागे घ्यायचे नाही. मागे घेतले की त्या वेळात जे झाले ते यंत्र पुन्हा करू लागते. एवढे बजावून सांगण्याचे कारण मी विचारले. त्यांनी पिशवी आवरली आणि दिनकररावांकडे पाहिले.

१९ फेब्रुवारी, शनिवार

सात दिवसांची नोंद पूर्ण झाली. आरंभी यंत्र रोज चाळीस सेकंद मागे पडत होते. नवी बॅटरी घातली, यंत्र आतल्या भिंतीशी हलविले. आता दिवसाकाठी तीन सेकंद. तेवढेही मी सकाळी आठला सावरून घेतो. दिनकररावांनी चारचौघांत प्रशंसा केली.

बन्सीधरने आपले मनगटी घड्याळ आमच्या भोंग्यावर लावले. ते पाहून कासाबाई म्हणाली, "बन्सीदादा, तुमच्या घड्याळापरीस माझी भूक बराबर हाय." बन्सीधर म्हणाला, "तुझी भूक तर सकाळी धापासूनच भोंगा द्यायलीय." तो सज्जन मनुष्य आहे, परंतु हसताना तिच्याकडे पाहत नाही. असे का, ते समजले नाही.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

आज यंत्र चार मिनिटे मागे पडले. तीन सेकंद नव्हे, चार मिनिटे. सकाळी मेळ अचूक होता, ऊन विशेष नव्हते, वीजही गेली नाही. दुसरा भोंगा एक चौतीसला झाला. कामगारांना चार मिनिटे अधिक विश्रांती लाभली म्हणून ते प्रसन्न होते. दिनकरराव नव्हते. मी या संबंधात कोणापाशी बोललो नाही.

२३ फेब्रुवारी, बुधवार

दर पंधरा मिनिटांनी घड्याळ ताडून पाहिले. सकाळी आठ ते दुपारी एक, काहीही अंतर नाही. दीडनंतर सायंकाळपर्यंत, काहीही नाही. जो काही वेळ गमावला जातो तो केवळ सुट्टीत. स्फटिक, उष्णता, बॅटरी यांपैकी कशाचीही अशी वेळ पाहून चुकण्याची रीत रंगनाथांनी सांगितलेली नाही.

उद्या सुट्टीभर पडद्यासमोर बसेन.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

एक वाजून चोवीस मिनिटे. सेकंद एकोणसाठपर्यंत गेले आणि तेथेच राहिले. यंत्र बंद पडले नव्हते, पडदा उजळ होता. माझ्या घड्याळात पाच मिनिटे गेली. नंतर साठावा सेकंद आला, पंचवीस झाले आणि पहिला भोंगा वाजला.

त्या पाच मिनिटांत चरातून झाडणीचा आवाज येत होता. चार बायका आत होत्या, आवाज असणारच. परंतु भोंग्यानंतर चौघी वर आल्या, अंगावरची रुई झटकू लागल्या आणि तरीही आवाज थांबला नाही. बन्सीधरने दुसरा भोंगा होताच खटका ओढला आणि मग जिनांच्या गडगडाटात काही ऐकू येणे शक्य नव्हते.

२६ फेब्रुवारी, शनिवार

कासाबाईची आई, कोंडाबाई, हीदेखील चर झाडीत असे. गेल्या वर्षी ९ मार्च रोजी पट्ट्यात सापडून ती गेली. हे मला आज बन्सीधरने सांगितले, तेही मी दोनदा विचारल्यावर. पहिला भोंगा होऊनही ती बाहेर आली नाही, कानाने कमी होती, असे कारखान्याने लिहून दिले. खटका बन्सीधरनेच ओढला होता. "काका, दुसरा भोंगा झाला, म्या वढला. म्या आनखी काय करावं?" एवढे म्हणून तो रडू लागला. त्या वेळी वेळपाल तात्याराव होते. ते मागील आषाढात वारले.

भोंग्यांची नोंदवही पाहिली. ९ मार्चच्या रकान्यात पहिला भोंगा एक पंचवीस, दुसरा एक तीस, तात्यारावांच्या अक्षरात. पंचविसाची शाई निराळी आहे.

संगणकही आपण दिलेल्या प्रत्येक भोंग्याची यादी स्वतःपाशी ठेवतो. ती कशी पाहावी हे रंगनाथांनी मला शिकविले होते. त्या दिवशी दुपारी यंत्राने एकच भोंगा दिला. एक तीसचा. पहिला भोंगा झालाच नव्हता.

२८ फेब्रुवारी, सोमवार

मी कासाबाईस सांगितले. सांगणे माझे कर्तव्य होते असे मी मानतो. तिची आई बहिरी नव्हती. तिला बोलाविण्यातच आले नाही.

ती पुष्कळ वेळ पदराचे टोक बोटास गुंडाळीत बसली. नंतर म्हणाली, "दुसऱ्या गल्लीत शेळी वरडली तरी आईला ऐकू यायचं, आबा. म्या समद्याला सांगतच व्हते." पुढे तिने विचारले की, भोंगा झालाच नसेल तर आईला कसे समजावे, वर यायचे म्हणून.

त्यानंतर मी तिला चरात उतरू नकोस असे सांगितले. ती म्हणाली की, रोज सर्वांत शेवटी तीच वर येते, कारण कोणी तरी पलीकडून झाडत येत असते, आणि अर्धा चर झाडलेला सापडतो. बाकीच्या बायका तिला म्हणतात, तू लय चपळ झालीस.

२ मार्च, बुधवार

आज अकरा मिनिटे.

दिनकरराव संतापले. बाहेर कापसाच्या गाड्या खोळंबल्या आहेत. काटा मागे दिसला की ताबडतोब पुढे खेचा, असा हुकूम त्यांनी दिला. मी नकार दिला आणि रंगनाथांनी घातलेला निर्बंध सांगितला. ते म्हणाले, "तात्याराव निमूट खेचायचे. तुम्हालाच काय सोनं लागलंय?"

त्या दिवशीही आपणच सांगितले होते काय, असे मी विचारले. ते म्हणाले की, तुम्ही म्हातारे झाला आहात आणि परभणीची गाडी साडेपाचला असते.

मी गेलो नाही. मी गेल्यास या खुर्चीवर खेचणारा कोणी तरी बसेल आणि कासाबाई चरात असेल.

बन्सीधरकडून वचन घेतले आहे. चार आत गेल्या, चार बाहेर आल्या, हे स्वतः मोजल्यावाचून तो खटक्यास हात लावणार नाही. भोंगा होवो अथवा न होवो.

४ मार्च, शुक्रवार

सोळा मिनिटे. बन्सीधरने कंटाळून बायकांना तोंडाने हाक मारली. चौघी आल्या. त्याने मोजल्या, मीही मोजल्या.

मग मी स्वतः चराच्या तोंडाशी वाकलो. आत सरकीच्या तेलाचा वास आणि अंधार. झाडणी चालू होती, सावकाश, कोणी पाठ दुखत असता झाडते तशी. आत कोण आहे, असे मी विचारले. झाडणी थांबली.

"भोंगा झाला न्हाई अजून," असे उत्तर आले.

उद्धट नव्हे. कामाच्या माणसाने मध्येच विचारले असता द्यावे तसे.

मी तीस पावलांवरील कार्यालयात परत आलो ते मला आठवत नाही.

५ मार्च, शनिवार

कोंडाबाईचे चुकलेले नाही. वर्षभर ती पहिल्या भोंग्याची वाट पाहत आहे. रोज तो होतो, परंतु तो तिचा नव्हे, इतरांचा. म्हणून ती चोविसावर काटा धरून ठेवते.

कासाबाईनेही आवाज ऐकला आहे. तिला भीती वाटत नाही. त्याचीच मला भीती वाटते.

७ मार्च, सोमवार

कासाबाईस चरातून ओढून काढावे लागले. दोघींनी धरून आणली. केसांत, भुवयांवर रुई. ती म्हणत होती, आई म्हणायलीय थांब, संगट जाऊ.

दिनकररावांना मी सांगितले की, या मुलीस दुसरे काम द्यावे. नाही म्हणाले. तिनेच मागितलेले नाही, म्हणाले. ते खरे आहे. मी तिला विनविले. तिने माझे ऐकून घेतले आणि झाडणी उचलली.

माझ्यापाशी एकच उपाय उरला आहे. कोंडाबाईचा भोंगा कोंडाबाईस द्यावयाचा. यंत्रात तारीख बदलता येते. ९ मार्च १९९३, एक चोवीस. मग पंचवीस होतील, तिचा भोंगा होईल आणि ती वर येईल. काटा मागे घ्यायचा नाही, हे मला ठाऊक आहे. त्या वेळात जे झाले ते —

परंतु त्या दिवशी या खुर्चीवर तात्याराव होते. या वेळी मी आहे. मी खेचणार नाही.

८ मार्च, मंगळवार

बावीस मिनिटे. चौघी वर आल्या.

बायका चौघीच होत्या, असे बन्सीधर म्हणतो. कासाबाई होती. मी पाहिली. बाकी तिघी कोण होत्या, त्यांची तोंडे — सर्वांनी पदर घेतले होते. रुईमुळे घेतात.

रात्री ११ फेब्रुवारीची नोंद पुन्हा वाचली.

९ मार्च १९९३, मंगळवार

यंत्रात दिसते ती तारीख लिहिली आहे.

एक वाजता चौघी उतरल्या. मी तारीख मागे नेली, वेळ एक चोवीस भरली. सेकंद चालू झाले. एकोणसाठवर थांबले.

माझ्या घड्याळात एक एकेचाळीस.

भोंगा होत नाही. का होत नाही — त्या दिवशी झाला नव्हता म्हणून. हे मला आधी —

बन्सीधरने हाक मारली. बायका वर आल्या. खिडकीतून दिसतात. एक, दोन, तीन, तिघी ओळखीच्या. चौथीने पदर पुढे ओढला आहे. पदरापासून पायापर्यंत पांढरी. एवढी रुई एका दिवसाची नव्हे.

ती कासाबाईपेक्षा बुटकी आहे.

बन्सीधरला ओरडून सांगितले. त्याने हात वर केला. "चारी आल्या काका, मोजल्या म्या."

चरातून कासाबाई बोलते आहे. स्पष्ट ऐकू येते. आबा, भोंगा झाला न्हाई अजून.

उठू शकत नाही. उजवा हात यंत्राच्या कळांवरून निघत नाही. हे डाव्याने लिहीत आहे. दिनकरराव दारात आले. खेचा, म्हणतात. मी खेचत नाही. माझी बोटे —

पडद्यावर १ उमटला. नंतर ३. मी नाही. पुढे चौकशी होईल म्हणून लिहितो, मी नाही. शून्य. आता शेवटची एक कळ राहिली, ती दाबली की —

हजर साक्षीदार. दिनकरराव, व्यवस्थापक, दारात. बन्सीधर, फिटर, खटक्यापाशी, हात खटक्यावर. कोंडाबाई, चराच्या वर, उभी. कासाबाई, चरात. तात्याराव, माझ्या पाठीशी, वाकून, त्यांचा हात माझ्या हाताव—